सिंगापुरात उतारवयात मुलांजवळ सरकारी घर : अर्ज कोणी आणि कसा करायचा?

घर परवडलं, पण दिवसभर बोलायला कुणी नाही, अशी अनेक ज्येष्ठांची गत होते. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने (एचडीबी) कम्पुंग अ‍ॅडमिरल्टी बांधताना नेमका हाच विचार केला. 2018 मध्ये उद्घाटन झालेल्या या संकुलात ज्येष्ठांची 104 घरं आहेत. शिवाय पाळणाघर, दवाखाना, हॉकर सेंटर (स्वस्त खाण्याच्या स्टॉलची जागा) आणि गच्चीवर भाजीचे वाफे, सगळं एकाच इमारतीत. नातवाला पाळणाघरातून आणायला आजीला रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही.

ती घरं केव्हाच दिली गेली. आता नव्याने अर्ज करायचा तर ‘टू-रूम फ्लेक्सी’ घराचा, कमी मुदतीच्या लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर. त्यासाठी वय 55 पूर्ण हवं. जोडप्यातला किमान एक जण नागरिक असावा, दुसरा पीआर (कायमचा रहिवासी) असला तरी चालतं. एकट्या नागरिकालाही अर्ज करता येतो. मुलाकडे व्हिजिट पासवर राहणारे आईवडील मात्र पात्र नाहीत. आपल्यापैकी बरेच जण हे उशिरा विचारतात, म्हणून आधीच सांगते.

लीज 15 ते 45 वर्षांची, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यात. दोघांचंही वय 95 होईपर्यंत ती पुरली पाहिजे. नवरा 68 आणि बायको 62 असेल तर हिशेब बायकोच्या वयाचा, म्हणजे 35 वर्षं. असं घर बाजारात विकता येत नाही. नको झालं तर मंडळाला परत करायचं.

आधी सिंगपासने (सरकारी डिजिटल ओळखीने) एचडीबीच्या पोर्टलवर जाऊन पात्रतेचं ‘एचएफई’ पत्र मिळवा. सर्व अर्जदारांना आपापल्या सिंगपासने संमती द्यावी लागते. पत्राला काही आठवडे लागतात, त्यामुळे घरांची विक्री जाहीर होण्याची वाट पाहू नका. अर्जाचं शुल्क 10 सिंगापूर डॉलर, पुढे सोडत.

मुलांच्या घरापासून 4 किलोमीटरच्या आत घर हवं असेल तर अर्जातच प्राधान्य मागा. माझ्या मते अर्जातला सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच.

कागदपत्रांत आपली अडचण नावांची. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, पासपोर्टवर दुसरं, विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं. नातं सिद्ध करताना हे आडवं येऊ शकतं. नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र शोधून ठेवा आणि मराठी दाखल्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर आताच करून घ्या.