ब्रह्मदेश 1947च्या फाळणीत वेगळा झाला?

‘1947ला देश तुटला तेव्हा ब्रह्मदेशही आपल्यापासून गेला’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गोंधळ होणं साहजिक आहे: ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) खरोखरच ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. पण तो फाळणीच्या दहा वर्षं आधी, 1 एप्रिल 1937 रोजी, ब्रिटिश संसदेच्या 1935च्या कायद्यानुसार वेगळा झाला. तेव्हा स्वतंत्र मात्र झाला नाही. ब्रिटिशांचीच निराळी वसाहत बनला. स्वातंत्र्य मिळालं 4 जानेवारी 1948ला.

पडताळायचंय? 1931च्या जनगणनेत ब्रह्मदेश सापडतो, 1941च्या नाही. त्याहून मजेदार पुरावा टपाल तिकिटांचा. 1937ची तिकिटं पाहा: पंचम जॉर्जचं चित्र, ‘इंडिया’ तसंच, आणि त्यावर काळ्या शाईत ‘बर्मा’ छापलेलं. स्वतःची तिकिटं पुढच्या वर्षी आली.