वकील कोठडीपर्यंत कसा पोचला

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद 39-अ आला आणि मोफत कायदेशीर मदत देणं राज्याच्या माथी आलं. पण व्यवहारात मदत म्हणजे खटल्यापुरता सरकारी खर्चाने वकील. मार पडतो तो खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी.

पहिला हादरा बिहारचा. 1979-80 मध्ये भागलपूरला पोलिसांनी तीसहून अधिक कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतलं. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हा त्यांना वकील नव्हता. कारण काय, तर त्यांनी मागितला नाही! डिसेंबर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं: कुणी मागायची वाट पाहू नका, पहिल्या हजेरीपासून वकील द्या.

पुढचं पाऊल मुंबईतलं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं पाच जणींनी सांगितलं. बर्सेंच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानलं आणि निर्मला निकेतनच्या संचालिकांना चौकशीला पाठवलं. दोन परदेशी कैदी बायकांचे दागिने वकिलानेच फीच्या नावाखाली लाटल्याचीही तक्रार संचालिकांच्या अहवालात होती. म्हणजे वकील मिळाला की काम झालं, असंही नव्हतं.

फेब्रुवारी 1983 च्या निकालाने महाराष्ट्राला आदेश दिले. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा. अटकेची खबर ताबडतोब नातेवाइकांना आणि जवळच्या विधी साहाय्य समितीला. आरोपीचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत कोठडीत लावायचे. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा रिमांडच्या वेळचा ठरीव प्रश्नही याच निकालाने बंधनकारक केला. ज्या पोलिसांबरोबर पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत, परत जायचंय, ते शेजारीच उभे असताना किती जण ‘हो’ म्हणणार?

नोव्हेंबर 1995 मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा लागू झाला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू लागला. डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी अशी अकरा कलमं देशभर लागू केली. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येईल, असंही त्यात होतं. मात्र पूर्ण वेळ नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 मध्येही ही मेख तशीच आहे.