पार्श्वभूमी : अमेरिकेतील जमिनीलगतच्या वाऱ्याच्या दिशा आणि 1964चा सांधा

मध्य अक्षांशांवर पश्चिमी वारे वाहतात, हे शालेय नकाशातले विधान उंचावरच्या हवेला लागू पडते. अमेरिकेत जमिनीलगत ते जागोजागी मोडते. टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंतच्या मैदानात उन्हाळ्यात बहुतेक वारा दक्षिणेकडून येतो. अटलांटिकवरील उच्च दाबाच्या पश्चिम कडेने तो मेक्सिकोच्या आखाताची आर्द्रता आत ओढतो. हिवाळ्यात थंड लाटांबरोबर तिथेच उत्तर-वायव्येचा जोर वाढतो. वर्षभराची सरासरी म्हणून नकाशावर एकच बाण काढला, तर यातला एकही ऋतू त्यात धड उमटत नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर 1870 मध्ये लष्कराच्या संदेशविभागाने 24 ठाण्यांवर एकाच वेळी निरीक्षणे घेऊन ती तारेने कळवायला सुरुवात केली; 1891 मध्ये ते काम मुलकी खात्याकडे गेले. यंत्रे बहुधा शहरांतल्या इमारतींच्या छपरांवर असत. शेजारी उंच इमारत उभी राहिली की दिशाही बिघडे. विमानतळ आल्यावर यंत्रे मोकळ्या जागी गेली, त्यामुळे त्याआधीच्या दिशांवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

खरा घोळ 1964चा. तोवर दिशा 16 भागांत नोंदवत : उत्तर, उत्तर-ईशान्य, ईशान्य वगैरे. त्या वर्षापासून ती दहा-दहा अंशांत, म्हणजे 36 आकड्यांत नोंदवली जाऊ लागली. बदल चांगलाच होता. पण आधीच्या तक्त्यांशी सलगता राहावी म्हणून नव्या नोंदी पुन्हा 16 पाकळ्यांच्या विंड रोजमध्ये (कोणत्या दिशेने किती वेळा वारा आला ते पाकळ्यांच्या लांबीने दाखवणारा तक्ता) कोंबण्याची पद्धत पडली, आणि 36 ला 16 ने भाग जात नाही.

उत्तरेची पाकळी 348.75 ते 11.25 अंशांची. तिच्यात 350, 360 आणि 10 असे तीन आकडे पडतात. शेजारच्या उत्तर-ईशान्येच्या वाट्याला फक्त 20 आणि 30. चारही मुख्य दिशांना तीन-तीन आणि उरलेल्या बारांना दोन-दोन, अशी ही वाटणी आहे. वारा सर्व दिशांनी अगदी सारखा वाहिला, तरी मुख्य दिशांच्या पाकळ्या 8.3 टक्क्यांच्या आणि बाकीच्या 5.6 टक्क्यांच्या दिसतील; वास्तविक प्रत्येकीचा वाटा 6.25 टक्के हवा. असा तक्ता 1964 पूर्वीच्या तक्त्याशेजारी ठेवला की वारा बदलल्याचा भास होतो. बदललेली असते ती वही.

उपाय अवघड नाही. 10 अंशांची नोंद प्रत्यक्षात 5 ते 15 अंशांमधली असते. तिचा 62.5 टक्के हिस्सा उत्तरेला आणि उरलेला उत्तर-ईशान्येला दिला की हिशेब जुळतो. नुसत्या नव्या नोंदींसाठी 12 पाकळ्या घेतल्या तरी काम भागते, कारण प्रत्येकीत बरोबर तीन आकडे बसतात. पण तयार तक्ते वापरणाऱ्यांनी ही तसदी क्वचितच घेतली. सलगतेच्या नावाखाली असलेली सलगता घालवली, असेच म्हणावे लागते.

सरासरीचाही एक सापळा आहे. 350 आणि 10 यांची साधी सरासरी 180 येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होतो. म्हणून सदिश सरासरी, म्हणजे प्रत्येक नोंद बाण समजून त्या बाणांची बेरीज, घ्यावी लागते. शिवाय हवामानाच्या नोंदींतली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात आणि धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून ठरतात, हे विसरून दोन्ही जुळवू पाहणारे अजूनही भेटतात.

1990च्या दशकात बहुतेक विमानतळांवर स्वयंचलित यंत्रे बसली. यंत्र बरेचदा 10 मीटरवर, काही ठिकाणी 8 मीटरवर. दिशा दोन मिनिटांच्या सरासरीची. दोन नॉट किंवा त्याहून मंद वारा असेल तर यंत्र तो 'शांत' ठरवते आणि दिशाच देत नाही. 1980 नंतर सुमारे तीन दशके उत्तर गोलार्धात जमिनीवरचा वारा मंदावत गेला, 2010च्या सुमारास तो पुन्हा वाढू लागला. चर्चा सगळी वेगाची झाली. वारा मंद झाला की दिशेच्या नोंदीही गळतात, हे मात्र मागे पडले.

आता 1940 पासूनचे तासातासाचे संगणकीय पुनर्विश्लेषण, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने चौकोनाचौकोनाने पुन्हा मांडलेले हवामान, उपलब्ध आहे आणि पवनऊर्जावाले त्यावरच चालतात. त्याचा चौकोन सुमारे 31 किलोमीटरचा आहे. मैदानात तेवढे पुरते. वायव्य अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या घळईत उन्हाळ्यात पश्चिमेचा आणि हिवाळ्यात पूर्वेचा वारा घुसतो, पण ती घळई एका चौकोनाहूनही अरुंद आहे. तिथे ठाण्यावरच्या नोंदीच चाळाव्या लागतात.