सगळ्यांच्या मालकीचं सभागृह: सांगली-साताऱ्यातली पार्श्वभूमी

गावासाठी एखादं सभागृह, नाट्यगृह किंवा वाचनालय उभं करायचं आणि ते गावाच्याच मालकीचं ठेवायचं, ही कल्पना कृष्णाकाठाला जुनी आहे. वर्गणी काढून इमारत बांधणारी गावं सातारा-सांगलीत भरपूर सापडतील. अडतं ते उद्घाटनानंतर. जागा कुणाच्या नावावर, किल्ली कुणाकडे, लाइटबिल कशातून भरायचं? आज पुन्हा अनेक ठिकाणी तरुण मंडळी असा घाट घालत आहेत, म्हणून हे प्रश्न इथे पूर्वी कसे सुटले आणि कुठे अडले, ते मांडतो आहे.

सांगलीपासून सुरुवात करू. 1842 मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक नाटकं करणाऱ्या फिरत्या मंडळींचे, खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना मराठीत तसं काही बसवायला सांगितलं. 1843 मध्ये भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ राजवाड्यात रंगलं. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच प्रयोगाची आठवण आहे. जागा राजाची, खर्च राजाचा, प्रेक्षकही राजाने बोलावलेले. 1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि संस्थानची मदत थांबली. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे तिकीट लावून खेळ झाले. मराठी नाटक धंद्याच्या वाटेला लागलं ते इथे, असं आपण शिकतो. मला त्याच घटनेत आपल्या कामाची गोष्ट दिसते: ज्या गावात नाटक जन्मलं, तिथे त्याला हक्काची जागा नव्हती. आश्रयदाता गेला, त्याच्याबरोबर जागाही गेली.

याला पहिलं टिकाऊ उत्तर दिलं ते वाचनालयांनी. सांगलीचं नगर वाचनालय 1869 चं. साताऱ्यालाही नगर वाचनालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. वर्गणीदार सभासद, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, निवडलेली कार्यकारिणी, हिशेब सभेपुढे. आज हे साधं वाटतं, पण सरंजामी मुलखात मालकीची ही पद्धत अगदी नवी होती. 1860 चा संस्था नोंदणी कायदा सात जणांना एकत्र येऊन संस्था नोंदवू देत होता. सातारा 1848 मध्येच खालसा झालेलं, म्हणजे तिथे इंग्रजी अंमल आणि इंग्रजी कायदा. सांगली मात्र 1948 पर्यंत संस्थान. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या संस्थांची जुनी कागदपत्रंही वेगवेगळ्या वळणाची असतात. जुन्या संस्थेच्या जागेचा मूळ कागद शोधायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण ‘सगळ्यांचं’ म्हणताना त्या सगळ्यांत कोण धरलं जात होतं? डॉ. आंबेडकर 1900 मध्ये ज्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले, तिथे अस्पृश्य मुलांना वर्गातही वेगळं बसवत. देवळाचा सभामंडप हे बहुतेक गावांचं एकमेव सभागृह, आणि त्याची पायरी सगळ्यांना खुली नव्हती. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. अंमल फार कमी झाला. तरीही लोकांच्या पैशातून उभी राहिलेली जागा सगळ्या लोकांसाठीच असली पाहिजे, हे तत्त्व कागदावर आलं. माझ्या मते सार्वजनिक जागेच्या इतिहासात या ठरावाचं मोल कोणत्याही इमारतीपेक्षा जास्त आहे.

त्याच काळात सत्यशोधक चळवळीने साताऱ्यात वेगळी वाट काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. त्याच्या खर्चासाठी मुष्टिफंड होता: घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं. एकरकमी देणगी देणारा पाटीवर नाव मागतो. रोज मूठभर देणारं घर चौकशी करतं, पोरं जेवली का, आमचं धान्य कुठे गेलं. चालवण्याच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारचा मालक फार मोलाचा.

नाट्यगृहांचा इतिहास सांगताना तमाशा राहून जातो, तो राहू नये. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोन्ही गावं वाळवा तालुक्यात. काळू-बाळू ही तमाशातली जोडी मिरजेजवळच्या कवलापूरची. ही कला वाढली ती यात्रेच्या मैदानात आणि कनातीत. पंचक्रोशीतले सगळ्यात जास्त प्रेक्षक ज्या कलेला लाभले, तिला स्वतःचं छप्पर नव्हतं. आज नवं सभागृह बांधताना रंगमंचाचा आकार, मेकअपची खोली, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह यांचा आराखडा ठरतो, तेव्हा या कलावंतांना विचारायला हवं.

1942 ते 46 च्या पत्री सरकारने, म्हणजे इंग्रजांना झुगारून चालवलेल्या समांतर सरकारने, गावोगाव न्यायनिवाड्याबरोबर वाचनालयांचंही काम केलं. चावडी सरकारी असली, तरी गाव एकत्र बसून कारभार करू शकतं, हा विश्वास त्या चार वर्षांनी दिला.

स्वातंत्र्यानंतर सगळा डोलारा उभा राहिला तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 वर. त्यालाच आता महाराष्ट्राचं नाव आहे. आपल्याकडच्या बहुतेक सांस्कृतिक संस्था 1860 आणि 1950 अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. यातलं कलम 36 समजून घ्यावं. विश्वस्तांना संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. इमारत वा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तरी परवानगी लागते. बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागा आजवर वाचल्या, त्यात या कलमाचा वाटा मोठा आहे. दुसरी बाजूही आहे. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. तो वर्षानुवर्षे राहतो. कागदावरचे विश्वस्त हयात नसतात, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं कागदावर नसतात. मग बँक सही मानत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो, आणि कुणाचा तरी नातू ‘आजोबांची जागा’ म्हणून उभा राहतो.

वाचनालयांना 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागलं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात तर 1945 मध्येच असा कायदा झाला होता, देशातला पहिला. नाट्यगृहांना अशी नियमित मदत नाही. सांगलीत 1943 मध्ये सावरकरांच्या अध्यक्षतेखाली रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. आज तिथलं विष्णुदास भावे नाट्यमंदिर अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती चालवते, आणि दर 5 नोव्हेंबरला भावे गौरव पदक देते. बालगंधर्वांनाही हे पदक मिळालं होतं. राजाच्या मर्जीने सुरू झालेली गोष्ट समितीच्या हाती आली, हा प्रवास मला फार मोठा वाटतो.

अशी वास्तू चालवणं म्हणजे तारखांचं गणित. दौऱ्यावरची नाटकं शनिवार-रविवार मागतात. मधले वार शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानं, एकांकिका स्पर्धा यांनी भरायचे. हौशी मंडळींना तालमीसाठी जागा स्वस्तात द्यायची, कारण उद्याचा प्रेक्षक आणि कार्यकर्ता तिथूनच येतो. ती तूट लग्नाच्या वा कंपन्यांच्या कार्यक्रमांतून काढायची. लग्नांना फार तारखा गेल्या की ते मंगल कार्यालय होतं.

खेड्यात आज बहुतेक सभागृहं आमदार-खासदार निधीतून होतात. ती ग्रामपंचायतीच्या नोंदीला लागतात. ज्या मंडळाने पाठपुरावा केला, त्याचा त्यावर हक्क नसतो. वापराचे दिवस आणि देखभाल ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतली नाही, तर पुढची निवडणूक झाली की किल्ली बदलते. स्वतःची संस्था नोंदवून बांधणाऱ्यांना निधी उशिरा मिळतो, पण किल्ली त्यांच्याकडेच राहते.

कृष्णाकाठी आणखी एक खबरदारी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेचं अतोनात नुकसान झालं. तळमजल्यावर दप्तर ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपली घटना (नियमावली), प्रॉपर्टी कार्ड आणि परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल) यांच्या प्रमाणित प्रती काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. उतारा धर्मादाय कार्यालयात अर्ज करून पुन्हा मिळतो.