टपालवाल्याची सायकल आणि तीन आवृत्त्यांचा घोळ

फ्रेंच स्लॅपस्टिकचा, म्हणजे धडपड-आपटाआपटीच्या विनोदी चित्रपटांचा, इतिहास ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या लघुपटातल्या माळ्यापासून सुरू करायची रीत आहे. व्रात्य पोरगा नळीवर पाय देतो, माळी नळीत डोकावतो आणि तोंडावर फवारा बसतो. पुढच्या वीसेक वर्षांत पॅरिसच्या कंपन्यांनी असे लघुपट घाऊक काढले. टॉप हॅटवाला एक देखणा नट तर इतका गाजला की चॅप्लिनने त्याला गुरू मानलं. मग महायुद्ध आलं आणि बाजार अमेरिकेने खाल्ला. इथवर वाद नाही. वाद आहे तो दिग्दर्शक जाक तातीच्या ‘जूर द फेत’ या चित्रपटावरून: त्याच्या तीन आवृत्त्यांपैकी खरी कोणती?

१९४७ च्या उन्हाळ्यात सेंत-सेव्हेर नावाच्या मध्य फ्रान्समधल्या गावात त्याचं चित्रीकरण झालं. गावात जत्रा येते. तंबूत दाखवलेला अमेरिकन टपालखात्याचा झपाटा पाहून गावचा टपालवाला पेटतो आणि सायकलवरून ‘अमेरिकन पद्धतीने’ टपाल वाटत सुटतो. चालत्या ट्रकला धरून त्याच्या मागच्या फळीवर पत्रांवर शिक्के मारतो! एका प्रसंगात तो दूर रस्त्यावर सायकलवर हात झाडताना दिसतो, पुढे शेतात एक शेतकरी. गांधीलमाशी टपालवाल्याला सोडून शेतकऱ्याकडे येते, पुन्हा त्याच्याकडे जाते. माशी दिसत नाही, नुसती ऐकू येते. क्लोज-अप नाही, पडणं-आपटणं नाही, तरी हसू आवरत नाही.

हा चित्रपट रंगीत व्हायचा होता. एका फ्रेंच कंपनीची नवी रंगप्रक्रिया वापरायचं ठरलं. फिल्म कृष्णधवलच, पण तिच्या पाठीवर सूक्ष्म भिंगं कोरलेली आणि कॅमेऱ्यावर तिरंगी फिल्टर. योजनाही सुरेख होती: गाव मुद्दाम करडं, दारं करडी, माणसं गडद कपड्यांत. रंग येणार ते जत्रेबरोबर आणि जाणार तेही तिच्याबरोबरच. पण या फिल्मच्या प्रती काढणं त्या कंपनीला जमलंच नाही. खबरदारी म्हणून शेजारी दुसरा, साधा कॅमेरा लावलेला होता म्हणून निभावलं. १९४९ मध्ये पडद्यावर आला तो कृष्णधवल चित्रपट.

१९६४ मध्ये दिग्दर्शकाने स्वतःच त्यात हात घातला. गावात आलेला एक तरुण चित्रकार नव्याने चित्रित करून मध्ये घुसवला आणि झेंडे, फुगे अशा मोजक्या वस्तू हाताने रंगवल्या. हा चित्रकार मला अजून उपराच वाटतो. पुढे १९८२ मध्ये दिग्दर्शक गेला आणि १९९५ मध्ये त्याच्या मुलीने एका छायाचित्रकाराच्या मदतीने मूळ रंगीत फिल्ममधले रंग सोडवून काढले. काम थक्क करणारं होतं यात शंका नाही. मात्र ‘अखेर खरा चित्रपट मिळाला’ असा जो गाजावाजा झाला, तो पटत नाही. शेजारच्या कॅमेऱ्याची चौकट तंतोतंत तीच नसते, संकलन नव्याने बसवावं लागतं, आणि ते बसवायला दिग्दर्शक हयात नव्हता. शिवाय शेचाळीस वर्षं लोक ज्याला हसले ती कृष्णधवल प्रतच होती. दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा मानायचा तर १९६४ ची आवृत्ती डोक्यावर घ्यायला हवी, आणि तिला तर कुणीच विचारत नाही.

मधल्या काळात दिग्दर्शकाचं दिवाळं निघालं होतं. ‘प्लेटाइम’साठी पॅरिसच्या कडेला काच-पोलादाचं अख्खं शहर उभारलं, १९६७ मध्ये तो चित्रपट आपटला आणि आधीच्या चित्रपटांचे हक्कही कर्जात गेले. ते सोडवायला वर्षं लागली. नंतर वारसदारांनी काढलेल्या संस्थेने एकेक चित्रपट दुरुस्त करायला घेतला. ‘जूर द फेत’ची पाळी आली तेव्हा पारडं पुन्हा फिरलेलं होतं. २०१४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या डिस्क-संचात १९४९ ची कृष्णधवल प्रत मुख्य आहे, बाकीच्या दोन जोडीला दिल्या आहेत.