चाकं टेकली कुठे?

ओल्या धावपट्टीवरून विमान पुढे निघून गेलं की खापर आधी पावसावर फुटतं. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडलाही तेच झालं. दुबईहून 190 जणांना घेऊन आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पावसात उतरलं, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. 21 जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक होते.

पाऊस निर्दोष नसतोच. वेगात असलेल्या टायरखालचं पाणी बाजूला सरायच्या आत टायर त्यावर चढला, तर रबर आणि काँक्रीटचा संबंधच तुटतो. हे कोणत्या वेगाला होईल याचा एक ठोकताळा नासाच्या संशोधकांनी 1960 च्या दशकात दिला: टायरमधला दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला 9 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. दाब 200 धरला तर 127 नॉट, म्हणजे ताशी साधारण 235 किलोमीटर. जेट विमानं उतरतात ती बहुधा याहून वेगात. धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात त्या पाण्याला वाट मिळावी म्हणूनच.

मग दोष पाण्याचा की ब्रेकचा, हे ठरवायचं कसं? मला तपासातला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो. विमानाचा वेग क्षणाक्षणाला किती घटला, हे ब्लॅक बॉक्समध्ये असतं. त्याला वस्तुमानाने गुणलं की एकूण रोधक बळ मिळतं. त्यातून हवेचा अडथळा वजा करायचा, इंजिनांचा उलटा जोर वजा करायचा. उरतं ते चाकांचं काम. आता ते ब्रेकच्या दाबाशी ताडून बघायचं. ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही चाकं सटकू नयेत म्हणून अँटिस्किड यंत्रणा तो सोडत असेल, तर धावपट्टी निसरडी होती. ब्रेकच अर्धवट दाबला असेल, तर पाण्याला बोल लावता येत नाही.

कोझिकोडच्या तपासात मात्र सगळ्यात बोलका आकडा चाकं टेकायच्या आधीचा निघाला. धावपट्टी 2700 मीटरची. चाकं टेकली सुमारे 1350 मीटरवर. अर्धी धावपट्टी हवेतच गेली! उतरण्याच्या वेगाला विमान एक सेकंद जास्त तरंगलं, तरी जवळपास 80 मीटर गेलेच. त्यात वारा पाठीमागून, सुमारे 14 नॉटचा. 140 नॉटच्या जागी 154 झाले तर वेग दहा टक्केच वाढतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे 21 टक्क्यांनी वाढते. ती सगळी उरलेल्या धावपट्टीवर जिरवायची.

मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर पहिल्या प्रयत्नात बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात, चाकं टेकण्याच्या अगदी आधी, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. सप्टेंबर 2021 च्या अंतिम अहवालाने संभाव्य कारण म्हणून यावरच बोट ठेवलं: अस्थिर उतरण तशीच रेटली, विमान फार पुढे टेकलं, इशारा मानला नाही आणि सहवैमानिकानेही नियंत्रण हातात घेतलं नाही.

मंगळूरला 22 मे 2010 ला याच कंपनीचं विमान असंच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली गेलं होतं. 158 बळी गेले. तिथेही चाकं फार पुढे टेकली होती, 8033 फुटांपैकी सुमारे 5200 फुटांवर, आणि तिथेही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. त्या सकाळी पाऊस नव्हता.