ऑफ-ग्रिड शेतघर

महावितरणची लाईन न घेता, किंवा ती पोचतच नाही म्हणून, छोट्या शेतावर आपली वीज, पाणी आणि स्वयंपाकाचा गॅस आपणच तयार करून राहणं म्हणजे ऑफ-ग्रिड राहणं. शेत म्हणजे इथे अर्ध्या एकरापासून चार-पाच एकरांपर्यंतचं, वस्तीपासून जरा लांब. महाराष्ट्रात असं राहणारे दोन प्रकारचे, एक डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवरचे ज्यांच्याकडे खांबच आले नाहीत आणि दुसरे पुण्या-मुंबईहून जमीन घेऊन कोकणात नाहीतर मुळशी-वेल्ह्याकडे येऊन राहिलेले. पहिल्यांना कोणी ऑफ-ग्रिड म्हणत नाही, त्यांच्याकडे ‘अजून लाईट नाही’ एवढंच म्हणतात. या नोंदीत मुख्यतः कोकण आणि घाटमाथा धरलाय, कारण मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे सोलरचं गणित त्यामानाने सोपं आहे, खरी परीक्षा आषाढ-श्रावणात इकडे होते.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती किलोवॅट बसवू?’ आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. आधी विचारायचं ते जुलैमध्ये घरात काय काय चालू ठेवायचंय. १ किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, मार्च-एप्रिलमध्ये ५ पर्यंत जातं, कोकणातल्या जुलैत २-अडीचवर येतं आणि सलग झोडपणारा पाऊस लागला तर १ सुद्धा मिळत नाही. म्हणजे उन्हाळ्यात ज्याची वीज उतू जाते त्याचाच इन्व्हर्टर आषाढात रात्री नऊला टीं-टीं करायला लागतो. इंग्लंड-वेल्सकडे असे प्रयोग बरेच झालेत, वेल्समध्ये तर २०१० पासून अशा शेतघरांसाठी सरकारचं वेगळं नियोजन धोरणच आहे, पण तिकडचा अवघड महिना डिसेंबर, आपला जुलै, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून काढलेली गणितं इकडे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

एक साधं घर धरू. ९ वॅटचे सहा एलईडी पाच तास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या) मोटरचे ३० वॅटवाले तीन पंखे दहा तास (साधा पंखा ७५ वॅट खातो, सगळ्यात आधी तो बदलायचा), छोटा फ्रीज, वायफायचा राउटर, एक लॅपटॉप. सगळं मिळून अडीच युनिटच्या थोडं वर. आता यात कोणीच न धरलेला एक खाऊ असतो, तो म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी २०-४० वॅट घेत राहतो, चोवीस तासात त्याचेच अर्धा ते एक युनिट होतात! म्हणून जाणती माणसं दिवे, पंखे, राउटर थेट डीसीवर टाकतात आणि इन्व्हर्टर मिक्सर-फ्रीजपुरता ठेवतात. हे सगळं धरून घराला दिवसाला तीन-सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे २ किलोवॅटची पॅनलं जुलैत कशीबशी पुरतात, तीही ऊन मधूनमधून डोकावलं तर.

बॅटरी हा या सगळ्यातला महाग आणि लवकर मरणारा भाग. १५० एएचच्या चार ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या (लेड-ॲसिड) बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, कागदावर ७.२ युनिट, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे हातात साडेतीन युनिट, एका दिवसाचा मामला. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलिन लावायचं. लिथियम आयर्न फॉस्फेट वजनाला हलकी, ८० टक्क्यांपेक्षा जास्त वापरता येते, देखभाल जवळपास नाही, पण सुरुवातीला खिसा रिकामा करते. माझं मत विचाराल तर कायम राहणाऱ्याने लिथियमच घ्यावी, शनिवार-रविवारी येणाऱ्याने ट्युब्युलरवर भागवावं.

उष्णतेची कामं विजेवर ठेवायचीच नाहीत हा इथला पहिला नियम. गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, इंडक्शनही हजाराच्या वर. आंघोळीच्या पाण्याला कोकणात पूर्वापार तांब्याचा बंब आहेच, त्यात सोडणं, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या काहीही जळतं, आणि नारळाची पाच झाडं असली तरी सरपण विकत आणावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र ते कोरडं राहायला पडवी हवी, मे महिन्यातच भरून ठेवलेली.

स्वयंपाकाला गोबरगॅस. या बाबतीत आपला इतिहास जुना आहे, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावल्याची नोंद आहे. पुढे जशभाई पटेल यांचं तरंगत्या टाकीचं डिझाइन खादी ग्रामोद्योग आयोगाने उचललं, १९८४ मध्ये स्वस्त, जमिनीत पुरलेलं ‘दीनबंधू’ आलं, देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ प्लँट केला, आणि पुण्याच्या आरती संस्थेने शेणाऐवजी उष्ट्या-खरकट्यावर, खराब धान्यावर चालणारा छोटा प्लँट बनवला ज्याला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. हिशोब असा की २ घनमीटरच्या प्लँटला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि त्यात चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. १ घनमीटर गॅस म्हणजे अंदाजे ४३० ग्रॅम एलपीजी, त्यामुळे पूर्ण क्षमतेने चालला तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढा गॅस. एक गाय पाळून २ घनमीटरचा प्लँट बांधणारे बरेच असतात, मग गॅस येत नाही आणि शिव्या प्लँटला पडतात.

गोबरगॅस घरी आला की काही गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. थंडीत गॅस कमी होतो, घाटमाथ्यावर जास्तच, तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवतात आणि ते सकाळी न घालता दुपारी उन्हाचं घालतात. पाइपात पाणी साचून ज्योत लुकलुकायला लागते, म्हणून पाइपाला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ बसवायचा. एलपीजीची शेगडी तशीच जोडून चालत नाही, या गॅसला मोठ्या भोकाचा बर्नर लागतो. आणि बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणकाला, केळीला, सुपारीला घालायची, बऱ्याच बागायतदारांच्या मते गॅस हा जोडधंदा आणि स्लरी हेच खरं उत्पन्न. या गॅसवर जनरेटर चालवून वीज करायचा मोह मात्र घरगुती पातळीवर टाळलेला बरा, १ घनमीटरमधून दीडेक युनिट हातात पडते आणि गंधकाचा वायू इंजिन खातो ते वेगळंच.

पाण्याचं मात्र निसर्गानेच जुळवून दिलंय. बागायतीला पाणी लागतं फेब्रुवारी ते मे, ऊन असतं तेव्हाच, आणि पावसाळ्यात पंप लागतच नाही. म्हणून पंप घराच्या बॅटरीला जोडायचा नाही, त्याला स्वतःची पॅनलं आणि कंट्रोलर द्यायचा, ऊन असेल तोवर तो वरच्या टाकीत पाणी चढवत राहील आणि संध्याकाळी उताराने बागेत सोडायचं. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५, आणि अडीच एकरापर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो. घराच्या सोलरचं वेगळं, पीएम सूर्यघरचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या सोलरलाच आहे. इथे एक गैरसमज फार पसरलाय, छतावर ग्रिडवालं सोलर असलं की लाईट गेली तरी आपल्याकडे राहते असा. राहत नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो इन्व्हर्टर ग्रिडबरोबर बंदच पडतो, बॅटरीवाला हायब्रिड असेल तरच घर चालू राहतं.

आता पावसाळ्याची पोकळी भरायची कशाने? शेतात बारमाही नाही तरी पावसाळी व्हाळ, पऱ्या (ओढा) असेल आणि त्याला उतार असेल तर पिको-हायड्रो, म्हणजे पडत्या पाण्यावर फिरणारं छोटं टर्बाइन. लिटर प्रति सेकंद गुणिले मीटरमधली उंची गुणिले ५, एवढे वॅट ढोबळ मिळतात. सेकंदाला ५ लिटर पाणी २० मीटरवरून पाइपातून आणलं तर ५०० वॅट, दिसायला कमी पण रात्रंदिवस, म्हणजे चोवीस तासात १२ युनिट! शेजारी कर्नाटकात मलनाडच्या सुपारीच्या बागांमधून असे छोटे टर्बाइन चालतात. आपल्याकडे पाऊस तोच, डोंगर तेच, तरी याकडे फारसं कोणी बघत नाही, सगळे पॅनल वाढवायच्या मागे. अडचण एकच, पाल्यापाचोळ्याने तोंडाची जाळी दर पावसात तुंबते आणि ती काढायला इरलं घेऊन, हल्ली रेनकोट घालून, जावंच लागतं. छोट्या पवनचक्क्या जून-ऑगस्टच्या वाऱ्यात चालतात खऱ्या, पण दुरुस्ती करणारा तालुक्यात मिळत नाही.

विक्रेते जे सांगत नाहीत ते वेगळंच. पॅनल दक्षिणेकडे १६ ते २० अंशात तिरकं बसवतात तेव्हा खालच्या चौकटीशी शेवाळ धरतं आणि त्या पट्टीमुळे अख्ख्या पॅनलची वीज घसरते, गणपतीआधी एकदा फडक्याने पुसून काढायचं. वानरं पॅनलवर उड्या मारतात. आयसोलेटरच्या (पॅनलची वीज तोडायच्या स्विचच्या) डब्यात मुंग्या घर करतात, इन्व्हर्टरमध्ये पाल शिरून बोर्ड जळतो, म्हणून खाली बारीक जाळी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विजा. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागतच नाही, एक रॉड ठोकून वायर जोडली म्हणजे झालं असं नाही, तार ओढून खाली विहिरीकडच्या ओल्या मातीत न्यावी लागते आणि सोबत सर्ज प्रोटेक्टर, नाहीतर मे अखेरच्या एका वळवाच्या सरीत इन्व्हर्टर जातो.

कायद्याची आडकाठी नाही, २००३ च्या वीज कायद्यानुसार स्वतःपुरती वीज तयार करायला परवाना लागत नाही. गावाने एकत्र येऊनही हे होतं, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटची गावची सोलर ग्रिड उभी राहिली, मीटर लावून, पैसे गावच्या ट्रस्टकडे भरून. एकट्या शेतघराला हा आधार नसतो, फ्यूज उडाला तर तो आपणच बदलायचा. आणि बॅटरी संपल्यावर ट्युब्युलरचं शिसं भंगारवाला तोलून घेऊन जातो, शोरूमवालाही जुनी घेऊन नवीवर सूट देतो, लिथियमचा तसा बाजार तालुक्याच्या गावात अजून नाही, २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय, म्हणून बिल आणि वॉरंटी कार्ड सांभाळून ठेवायचं.